नदीकांठचा मुक्काम : जागेची निवड



दिवाळीची गडबड सरली आणि थंडीची पहिली झुळूक खिडकींतून आंत आली, कीं शहरांतील घराघरांत एक जुनाच विषय नव्यानें निघतो. चार दिवस कोठें तरी मोकळ्यावर जाऊन राहावें, वाहतें पाणी पाहावें, रात्रीं चांदण्याखालीं निजावें. पूर्वीं या हौसेस धर्मशाळेचा किंवा नातलगाच्या घराचा आधार लागे. आतां तंबू सहज मिळतात; आणि ज्यांत निजण्याची, स्वयंपाकाची, क्वचित् स्नानाचीहि सोय आहे अशीं फिरतीं घरें, ज्यांना कॅराव्हॅन म्हणतात, तीं आपल्या रस्त्यांवरहि दिसूं लागलीं आहेत. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं या प्रकारच्या प्रवासाविषयीं स्वतंत्र धोरण ठरविलें. साधन हातीं आलें. उरला तो जागेचा प्रश्न. हा प्रश्न दिसतो तितका सोपा मात्र नाहीं.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांत, आयोवा, मिसूरी, विस्कॉन्सिन अशा राज्यांच्या ग्रामीण मुलुखांत, नदीच्या कांठीं अशा गाड्यांसाठीं मुद्दाम आंखलेलीं मैदानें असतात. प्रत्येक जागेस क्रमांक असतो. विजेची जोडणी, पिण्याच्या पाण्याची तोटी आणि पुष्कळ ठिकाणीं सांडपाणी सोडण्याची व्यवस्था असते. येणाऱ्या कुटुंबानें नकाशा पाहावा, सावली हवी कीं ऊन, नदी जवळ हवी कीं स्नानगृह, एवढें ठरवावें आणि गाडी नेऊन उभी करावी. तेथील निवड ही बरीचशी दुसऱ्या कोणी आधींच केलेल्या निवडींतून करावयाची असते. आपल्याकडे तशी स्थिति नाहीं. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत अलीकडे तंबूंचे मुक्काम चालविणारे कांहीं लोक आहेत. तथापि बराचसा नदीकांठ मोकळाच आहे. तेथें क्रमांक नाहीं, तोटी नाहीं, बहुधा सूचनेची पाटीहि नाहीं. पाटीवर जें लिहिलेलें असावयाचें तें पाहुण्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं जमिनीवर वाचावें लागतें.

पुणें शहराच्या दक्षिणेस आणि नैर्ऋत्येस हे दोन तालुके सह्याद्रीच्या कुशींत पसरलेले आहेत. भोर ही पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी; तें संस्थान १९४८ सालीं मुंबई राज्यांत विलीन झालें. वेल्हे तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्य शासनानें २०२४ सालीं घेतला. इतिहासांत हा सर्व मुलूख मावळ म्हणून ओळखला जातो, आणि मावळाची गणना येथें डोंगरांवरून न होतां खोऱ्यांवरून होते. नीरेचें हिरडस मावळ, वेळवंडीचें वेळवंड खोरें, गुंजवणीचें गुंजण मावळ, कानंदीचें कानद खोरें, मोसेचें मोसे खोरें. राजगड आणि तोरणा हे गड या खोऱ्यांवर पाहरा करीत उभे आहेत. पश्चिमेकडील कड्यांवर पाऊस अतोनात पडतो, पूर्वेस नसरापूर-कापूरहोळाकडे येईपर्यंत तो पुष्कळ कमी होतो. म्हणून येथील नदी ही आपल्या डोक्यावरच्या आभाळावर अवलंबून नसते. ती मागच्या डोंगरावरील आभाळावर अवलंबून असते. शिवाय या बहुतेक नद्यांना आतां धरणें झालीं आहेत. वेळवंडीवर भाटघर, नीरेवर नीरा-देवघर, कानंदीवर गुंजवणी धरण, आंबीवर पानशेत, मोसेवर वरसगांव. जागा निवडावयाची ती अशा मुलुखांत.

निवडीचा प्रश्न प्रत्यक्ष कसा उभा राहतो हें समजण्यास पुण्याच्या एका कुटुंबाची हकीकत उपयोगी पडेल. घरांत पतिपत्नी, दहा व सहा वर्षांचीं दोन मुलें आणि मुलांची आजी. डिसेंबरच्या एका शनिवारीं या मंडळींनीं भाड्याचें फिरतें घर घेतलें आणि चारच्या सुमारास तीं भाटघर धरणाच्या खालच्या अंगास नीरेच्या कांठीं येऊन पोहोंचलीं. जागा दृष्ट लागण्यासारखी होती. नदी संथ आणि उथळ. मध्येंच आंत शिरलेली पांढऱ्या वाळूची जीभ. कांठावर करंज आणि उंबर. गाडी खालीं उतरवितां येईल एवढा सोपा उतारहि होता. मुलें चपला टाकून पाण्याकडे धांवलीं. गृहस्थांनीं गाडी उतारावर वळविली, तोंच मागच्या दारांतून आजी म्हणाल्या, "थांब जरा. वरती काय आहे?"

"वरती धरण आहे, आई. पण पाऊस जाऊन दोन महिने झाले. आभाळांत ढग तरी दिसतो का?"

आजी खालीं उतरल्या, पण उताराकडे गेल्या नाहींत. १९६१ सालच्या जुलैच्या १२ तारखेस त्या आठ वर्षांच्या होत्या आणि त्यांचें बिऱ्हाड मुठेपासून हांकेच्या अंतरावर होतें. त्या सकाळीं आंबी नदीवरील नवें पानशेत धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खालचें खडकवासला धरणहि फुटलें आणि पुण्याचा नदीकांठ पाण्याखालीं गेला. पानशेत याच वेल्हे तालुक्यांतलें. आजी एवढेंच म्हणाल्या, "त्या दिवशीं आमच्या घरांत जें पाणी शिरलें, तें आमच्या अंगणांत पडलेल्या पावसाचें नव्हतें."

गृहस्थांस हें बोलणें वेळेला धरून वाटलें नाहीं. सूर्य कलला होता, मुलें भिजलीं होतीं, गाडीचें भाडें भरलेलें होतें, आणि आठवडाभर मुलांना दाखविलेलें चित्र नेमकें या वाळूचें होतें. जागेच्या निवडींत चूक होते ती बहुधा अशा वेळीं. अज्ञानापेक्षां उशीर, थकवा आणि मुलांना दिलेलें वचन हींच माणसास अधिक चुकवितात. म्हणून अनुभवी लोक दुपारीं दोनपर्यंत मुक्कामास पोहोंचतात. नापसंत जागा सोडून दुसरी शोधण्यास उजेड हाताशीं असावा लागतो.

इतक्यांत म्हशी पाण्यावर घेऊन एक वृद्ध शेतकरी तेथें आले. गृहस्थांनीं त्यांना विचारलें, "बाबा, रात्रीं इथें गाडी लावली तर चालेल ना?"

"लावा की. कोन नगं म्हनतंय? पर पाऊस न्हाई म्हून पानी येत न्हाई, आसं न्हाई, सायेब. पानी वरनं सोडत्यात. खाली वीरला जातंय, तिथनं कालव्याला. भोंगा झाला तर झाला. झोपंत आयकू यील का न्हाई, काय सांगावं." आणि त्यांनीं काठीनें एका बाभळीकडे बोट केलें.

बाभळीच्या बेचक्यांत वाळलेला पाचोळा, उसाचीं चिपाडें आणि एक फाटकें पोतें अडकून बसलें होतें. पोतें उभ्या माणसाच्या डोक्यापेक्षां हातभर उंच होतें. तेथें कोणीं तें टांगलेलें नव्हतें. पावसाळ्यांत नदी कोठवर आली होती, याचें तें नदीनें स्वतः लिहून ठेवलेलें टिपण होतें. सूनबाईंनीं दुसरी खूण पाहिली. कांठाजवळचें गवत एकाच दिशेस, प्रवाहाच्या दिशेस, विंचरल्यासारखें निजलेलें होतें, आणि त्याच्या मुळाशीं ओला, मऊ गाळ होता. पावसाळ्यांत निजलेलें गवत डिसेंबरपर्यंत पुन्हा उभें राहतें आणि गाळ वाळून भेगाळतो. अर्थात् पाणी येथवर येऊन फार दिवस झाले नव्हते.

भाटघर धरण गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत पुरें झालें, आणि त्याचें पाणी नीरेच्याच पात्रांतून खालीं वीर धरणाकडे जातें. वीरपासून निघणारे नीरेचे डावे व उजवे कालवे पूर्वेकडील अवर्षणग्रस्त प्रदेशाची शेती भिजवितात. तेव्हां हें पात्र एका अर्थीं कालव्याचेंच काम करितें. शेतीची पाळी आली, कीं कोरड्या दिवशीं, निरभ्र आभाळाखालीं, पाणी वाढूं शकतें. पावसाळ्यांत तर जलाशय भरला, कीं जादा पाणी सोडण्यास पर्याय नसतो. वरच्या बाजूस धरण असलेल्या नदीच्या कांठीं मुक्काम करणाऱ्यानें आकाशाकडे पाहून निश्चिंत होऊं नये. गांवांत, पोलीस पाटलांकडे किंवा धरणावरील कर्मचाऱ्यांकडे पाणी केव्हां सुटणार आहे हें विचारावें. विचारण्यास पांच मिनिटें लागतात.

शेवटीं गाडी उतारावरून मागें घेतली. दीडशें पावलांवर, भाताच्या रिकाम्या खाचरांच्या वरच्या अंगास, त्याच शेतकऱ्यांचा मुरमाड माळ होता. तेथून नदी दिसत नव्हती, केवळ तिचा आवाज येत होता. मुलांचीं तोंडें उतरलीं. तेव्हां सूनबाईंनीं तोड काढली : दिवस नदीचा आणि रात्र माळाची. अंधार पडेपर्यंत सर्वांनीं वाळूवर, मोठ्या माणसांच्या हाताच्या अंतरांत खेळावें. निजण्यास मात्र वर यावें. शेतकऱ्यांनीं जागेचे पैसे घेण्यास प्रथम संकोच केला, मग घेतले, आणि दोन अटी सांगितल्या. वाळल्या गवतांत जाळ करावयाचा नाहीं, कारण वणवा पेटला तर डोंगर जळतो. आणि बाटली फोडावयाची नाहीं, कारण कांच म्हशीच्या खुरांत जाते.

त्या रात्रीं नदीला पाणी आलें नाहीं. सकाळीं वाळूची जीभ होती तशीच कोरडी होती. चहा घेतांना गृहस्थ हंसून म्हणाले, "आई, उगाच वर आलों आपण."

आजी म्हणाल्या, "दाराला कडी घालतोस, तेव्हां रोज चोर येतो का रे?"

या उत्तरांत सर्व विषयाचें सार आहे. रात्र निर्विघ्न गेली म्हणून खालची जागा चांगली ठरत नाहीं, आणि वरची निवड चुकीची ठरत नाहीं. निवडीची पारख निवडतेवेळीं जें दिसत होतें त्यावरून करावयाची असते. ज्यांनीं दहा वेळां वाळूवर मुक्काम केला आणि दहाहि वेळां सुखरूप परतले, त्यांना अकराव्या वेळीं धोका दिसेनासा होतो. हा अनुभवाचा लाभ नव्हे, अनुभवाची भूल होय.

ही भीति कल्पनेंतली नाहीं. जेथें मैदानें आंखलेलीं असतात, क्रमांक आणि विजेची जोडणी असते, तेथेंहि ती खरी ठरली आहे. अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत ४ जुलै २०२५ रोजीं पहाटेच्या अंधारांत ग्वाडालूप नदी पाऊण तासांत सुमारें २६ फूट चढली. नदीकांठचीं मुलांचीं शिबिरें आणि फिरत्या घरांचे तळ त्या लोंढ्यांत सांपडले. शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. सुट्टीचे दिवस होते, जागा रमणीय होत्या, आणि पाणी आलें तेव्हां बहुतेक लोक झोंपेंत होते. सोयींनीं युक्त असलेली जागा आणि सुरक्षित जागा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्या पहाटेनें दाखविलें.

वाहत्या नदीपेक्षां धरणाचा जलाशय अधिक शांत दिसतो, म्हणून पुष्कळ कुटुंबें तंबूसाठीं जलाशयाचा कांठ पसंत करितात. येथें निराळी दक्षता लागते. भाटघरच्या जलाशयांत वेळवंडचें जुनें नागेश्वराचें देऊळ वर्षांतले बहुतेक महिने पाण्याखालीं असतें आणि उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे तें पुन्हा उघडें पडतें. ज्या पाण्यांत आख्खें देऊळ बुडतें, त्या पाण्याचा कांठ हा नदीचा खरा कांठ नव्हे, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. तो बुडालेल्या डोंगरउताराचा, शेतांचा आणि बांधांचा कांठ असतो. पाण्याखालीं जुनीं खाचरें पायऱ्यांसारखीं उतरत गेलेलीं असतात, जुन्या ओढ्यांचे खळगे असतात, त्यांवर गाळ साचलेला असतो. एका पावलास पाणी गुडघ्याइतकें आणि पुढच्या पावलास डोक्यावरून, असें तेथें होऊं शकतें. मे २०२२ मध्यें भोर तालुक्यांतील नऱ्हे गांवाजवळ याच जलाशयांत पांच स्त्रिया बुडून मृत्यु पावल्या. तेव्हां ना पूर होता, ना पाऊस. जलाशयाच्या कांठीं राहावें, पाहावें, सूर्यास्ताचा आनंद घ्यावा. परंतु पोहण्यासाठीं त्यांत उतरूं नये, आणि मुलांस तर एकटें मुळींच सोडूं नये.

आतां जमिनीसंबंधीं. नदीकांठची गाळाची किंवा काळी जमीन कोरडी असतांना सपाट व कठीण दिसते. एक वळवाची सर आली, कीं तीच जड गाडीचीं चाकें धरून ठेवते. मुरमाड जमीन पाणी पिऊन टाकते आणि चाकाखालीं दबत नाहीं. म्हणून फिरत्या घरासाठीं मुरूम पाहावा, आणि गाडी अशी उभी करावी, कीं निघतांना ती मागें-पुढें करावी लागूं नये. तोंड रस्त्याकडे असावें. वठलेल्या फांदीखालीं तंबू ठोकूं नये. कड्याला किंवा मोठ्या झाडाला आग्या मोहोळ आहे का, हें वर मान करून पाहावें. धुरानें मधमाशा उठतात, आणि मग पळण्यास जागा पुरत नाहीं. दगडांच्या रचलेल्या बांधाशीं अंथरूण टाकूं नये. फुरसें आणि विंचू यांचें तें घर होय. संध्याकाळीं जोडे उलटे करून झटकल्याशिवाय पायांत घालूं नयेत.

रस्त्याचाहि विचार जागेबरोबरच करावा. खानापूरहून पाबे घाटानें वेल्ह्यास जाणारी वाट सुंदर आहे, पण तिची चढण आणि वळणें लांब गाडीस सोयीचीं नाहींत. अशा गाडीनें महामार्गावरून चेलाडी फाट्यास वळून नसरापूर, मार्गासनी या मार्गानें जावें. भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाट पावसाळ्यांत दरडींमुळें अनेकदां बंद ठेवावा लागतो. खोऱ्यांत जसजसें आंत जावें तसतशी फोनची लहर क्षीण होत जाते. तेव्हां तंबू ठोकण्यापूर्वीं फोन लागतो का हें पाहावें. न लागल्यास जवळचें घर कोणतें आणि तेथवरची वाट रात्रीं कशी सांपडेल हें पायीं जाऊन पाहावें. भोर येथें उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्यास ग्रामीण रुग्णालय आहे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ज्या जागेवरून आजारी माणसास रात्रीं अर्ध्या तासांत पक्क्या रस्त्यावर आणतां येत नाहीं, ती जागा वृद्ध आणि मुलें असलेल्या कुटुंबानें सोडून द्यावी.

जागा कोणाची, हा प्रश्न शहरी माणसास पुष्कळदां सुचत नाहीं. मोकळी जमीन म्हणजे बिनमालकीची जमीन नव्हे. ती कोणाचें तरी गायरान असते, कोणाचें शेत असते, पाटबंधारे खात्याची संपादित जमीन असते किंवा वन खात्याची असते. परवानगी विचारणें हा केवळ शिष्टाचार नाहीं. तो संरक्षणाचा उपाय आहे. ज्याला विचारलें, त्याला आपण तेथें आहों हें ठाऊक होतें, आणि पाणी सुटल्याची बातमी आली तर तो हांक मारण्यास येतो. न विचारतां राहिलेल्याला हांक मारण्यास कोणी येत नाहीं, कारण तो तेथें आहे हेंच कोणास ठाऊक नसतें. त्याचप्रमाणें शौचासाठीं नदीपासून व विहिरीपासून दूर जावें, भांडीं पात्रांत घासूं नयेत, फिरत्या घराचें सांडपाणी ओढ्यांत सोडूं नये, आणि जें कांहीं आणलें तें सर्व परत न्यावें. खालच्या गांवीं तेंच पाणी घागरींत भरतात.

इतकीं सर्व लक्षणें ध्यानांत ठेवणें ज्यांना कठीण वाटेल, त्यांनीं एक सोपी गोष्ट करावी. गांवचीं जुनीं घरें आणि जुनें देऊळ कोठें आहे तें पाहावें. मावळांतील माणूस नदीवर जगला, पण तो नदीच्या अंगावर जाऊन राहिला नाहीं. त्याची विहीर खालीं असते, खाचर खालीं असतें, गोठा जरा वर असतो आणि चूल त्याहून वर असते. ही उतरंड कोणीं पुस्तकांतून शिकविली नाहीं. पिढ्यान्पिढ्यांच्या पुरांनीं ती ठरविली. मात्र या खुणेलाहि एक मर्यादा आहे. धरणें झाल्यापासून नदीची रीत बदलली आहे, आणि जुनें घर नवें धरण जाणत नाहीं. म्हणून जुनी खूण पाहावी आणि आजची चौकशीहि करावी. एक केली म्हणून दुसरी टाळूं नये.

त्या कुटुंबानें रविवारीं दुपारीं मुक्काम हलविला. निघण्यापूर्वीं मुलांनीं वाळूंतील दोन बाटल्या, ज्या त्यांच्या नव्हत्या, उचलून गाडींत ठेवल्या. गृहस्थांनीं शेतकऱ्यांचा फोन क्रमांक वहींत लिहून घेतला, आणि पुढच्या खेपेस निघण्यापूर्वीं त्यांना विचारूनच निघावयाचें असें ठरविलें. गाडी मुख्य रस्त्यास लागली तेव्हां धाकट्या मुलानें खिडकींतून मागें पाहत विचारलें, "आजी, ते पोतं अजून झाडावरच आहे. कोणी काढत का नाही?"

आजी म्हणाल्या, "राहूं दे. पुढें येणाऱ्याला दिसलें पाहिजे."